अंधाऱ्या खोलीतला मजकूर

खोक्यात दोन कान निघाले.

माणसाच्या कानांएवढेच, मऊ, फिकट गुलाबी रबराचे, अगदी पाळ्यांसकट. एका काळ्या दांडीच्या दोन टोकांना बसवलेले, आणि मधे जिथे डोकं असायला हवं तिथे काहीच नाही. चष्मेकाकांनी खोकं फ्रेमचं समजून फोडलं होतं. घाऊकवाल्याकडून लहान मुलांच्या फ्रेम यायच्या होत्या. त्यांनी कान घाईघाईने परत आत कोंबले, चिकटपट्टी जमेल तशी दाबून बसवली आणि मग कुठे पत्ता वाचला. पत्ता दुकानाचाच होता, पण खोकं मुलीच्या नावाचं होतं.

ती खाली आली तेव्हा त्यांनी खोकं काउंटरवर सरकवलं.

"हे तुझं आलंय."

"उघडलंत?"

"फ्रेम समजून." ते जरा थांबले. "कान आहेत त्यात."

"माहीत आहे, बाबा. मीच मागवलेत."

"कशाला?"

"कंटेंटसाठी," ती म्हणाली आणि खोकं छातीशी धरून जिना चढून गेली.

लहानपणी ही मुलगी हाताला लागेल ते कुठेतरी दडवून ठेवायची. बटणं, चमचे, आईच्या केसांतल्या पिना, काहीही. म्हणून घरात तिला खारूताई म्हणायचे. पुढे ताई गळून पडलं आणि नुसती खारू राहिली. ती विमा कंपनीत चांगल्या नोकरीला होती. कंपनीने इथली शाखाच बंद केली तेव्हा भाड्याचं घर सोडून ती बापाकडे राहायला आली. खाली पुढे दुकान, मागे डोळे तपासायची अंधारी खोली, आणि वर राहतं घर. वरच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली रिकाम्या खोक्यांनी भरलेली असायची. ती तिने झाडूनपुसून घेतली. दोन महिने अर्ज करत बसली. मग अर्ज करायची थांबली आणि खोलीचं दार आतून लावायला लागली.

दुपारी दुकान बंद असलं की त्या खोलीत तिचं काहीतरी चालायचं. खिडकीला आतून काळा फोम चिकटवलेला होता. दाराच्या फटीतून पांढरा झगझगीत उजेड यायचा. विचारलं की एकच उत्तर.

"कंटेंट करते."

काका समोरच्या फुटपाथवर जाऊन आपल्याच घराच्या खिडकीकडे बघून आले. बाहेरून ती खिडकी बुजवल्यासारखी दिसत होती.

गल्ल्याखाली खारूच्या शाळेतला शब्दकोश पडून होता. काकांनी तो काढला. आतल्या वस्तू. आशय. मजकूर. आणि खाली, उच्चार वेगळा करून, समाधानी, संतुष्ट. हा शेवटचा अर्थ त्यांना मनापासून आवडला. पण खिडकी बुजवून, दार लावून, दोन रबरी कान समोर घेऊन कोणी समाधानी होत असेल असं काही त्यांना वाटेना.

त्यांनी मोठ्या बहिणीला फोन लावला. तिचा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला होता.

"ताई, कंटेंट म्हणजे काय गं?"

"जोर कुठे देतोस त्यावर आहे. पुढे दिलास तर आतला ऐवज, मागे दिलास तर सुखी माणूस."

"खारू म्हणते, मी कंटेंट करते."

"करते?" ताईंनी दीर्घ श्वास घेतला. "आमच्या वेळी कंटेंट असायचा, करायचा नसायचा. पुस्तकाचा असायचा, निबंधाचा असायचा. निबंधाला दहा गुण, त्यातले सहा कंटेंटला. आता लोक कशालाही म्हणतात. गाणं म्हटलं कंटेंट, रडलं कंटेंट, मांजर पलंगावरून पडलं की तेही कंटेंट. तो शब्द म्हणजे नुसतं झाकण झालाय बघ. आत काय आहे ते झाकणावरून कळत नाही. तू आत बघ."

"दार लावलेलं असतं."

"मग तिला विचार."

"विचारलं. म्हणते, कंटेंट."

ताईंनी एकदम विषय बदलून पावसापाण्याचं विचारलं, आणि ते काकांना अजिबात आवडलं नाही.

खरी काडी टाकली ती शेजारच्या सलूनवाल्याने. हा मनाने वाईट नव्हता, पण गिऱ्हाईकाच्या मानेवर वस्तरा असताना बोलायची सवय लागलेली, त्यामुळे आपलं बोलणं कोणी मधेच तोडेल हे त्याच्या गावीच नव्हतं. काका दाढी करायला बसले आणि सहज विचारावं तसं विचारून बसले.

"कंटेंट?" सलूनवाल्याने वस्तरा उचलून धरला. "कोण करतंय?"

"असंच. एका गिऱ्हाइकाची मुलगी."

"बाईमाणूस? घरातूनच? दार लावून?"

"हो."

"दिवेबिवे लावून?"

काकांनी फेस लागलेली मान हलवली.

सलूनवाल्याने मागे वळून बघितलं, दुकानात दुसरं कोणी नव्हतं, तरी आवाज खाली आणला. "काका, सगळेच करतात तसले असं माझं म्हणणं नाही. कोणी भाज्या चिरायला शिकवतात, कोणी गणितं. पण एक कंटेंट असतो ना, त्याच्यावर आधी पाटी येते, तुमचं वय अठराच्या वर आहे का म्हणून. पुढचं आपल्या तोंडून नको. तुमच्या गिऱ्हाइकाला म्हणावं, जरा लक्ष ठेवा."

आरशात काकांचा चेहरा फेसापेक्षा पांढरा पडला होता.

त्या दुपारी ते चपला खाली काढून जिना चढले. मधली एक पायरी करकरते ती टाळून. आपल्याच घरात चोरासारखे. दाराशी उभे राहिले. आतून आवाज येत होता. खारूचा होता, पण तो आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. नुसता श्वास, आणि श्वासाला चिकटून आलेले शब्द.

"थोडं पुढे सरका... अजून थोडं... हां, असं. आता मी तुमच्या अगदी जवळ येणार आहे. घाबरू नका. श्वास मोकळा सोडा..."

मग कसलासा बारीक खुळखुळाट. मग पुन्हा, "आता दुसरी बाजू..."

काका खाली आले. पायरी करकरली का नाही हे त्यांना आठवत नव्हतं. अंधाऱ्या खोलीत जाऊन ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. दारात उभं राहून बोंबलावं असं एकदा वाटलं, आणि मग वाटलं, बोंबलून दार उघडलं आणि आत खरंच ते असलं, तर आपण पुढे काय करणार? तिच्या आईला जाऊन चार वर्षं झाली होती. ती असती तर तिने दार उघडायला लावलंही असतं आणि उघडल्यावर काय करायचं तेही तिला माहीत असतं.

जेवताना ते ताटाकडे बघून जेवले.

"बरं नाही का तुम्हाला?" खारूने विचारलं.

"आहे की."

"मग बोलत का नाही?"

"काय बोलू? तू बोल."

तिने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला, आणि काका तिच्या हातांकडे बघत राहिले. नखं स्वच्छ कापलेली होती. पूर्वी ती नखं वाढवायची. हेही त्यांनी संशयाच्या खात्यात टाकलं.

दुकानातही त्यांचं चित्त नव्हतं. एका मास्तरांना त्यांनी दुसऱ्याचाच चष्मा बांधून दिला. खणात छापखान्यातल्या प्रूफवाल्या बाईंचा चष्मा कधीचा तयार होऊन पडला होता. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक, निरोप पाठवला की दुसऱ्या दिवशी हजर होणारं. या वेळी दोनदा फोन केला तर उचलला नाही. एकदा रस्त्यात दिसल्या, तर पलीकडच्या फुटपाथवर गेल्या. आता काकांना याचाही अर्थ लागल्यासारखा वाटला. म्हणजे त्यांनाही कळलेलं दिसतंय. गावभर झालेलं दिसतंय. आपल्यालाच काय ते ठाऊक नाही.

आणि मग तो माणूस आला.

चाळिशीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात औषधांच्या नमुन्यांची बॅग. फिरता विक्रेता. दारातून आत आला आणि ओळखीच्या घरात आल्यासारखा सगळीकडे बघायला लागला. कपाट, आरसा, मागचा पडदा. नंबर काढायचाय म्हणाला. काकांनी त्याला अंधाऱ्या खोलीत बसवलं, तपासायची गोल चौकट त्याच्या नाकावर चढवली, दिवा लावला.

"हनुवटी इथे टेका. थोडं पुढे सरका. अजून थोडं. हां, असं."

माणूस हसला.

"काय झालं?"

"काही नाही. चालू द्या."

"आता हे बरं दिसतं, की हे? पहिलं, की दुसरं?"

उत्तर आलं नाही. काकांनी वाकून बघितलं तर त्याने डोळे मिटले होते. नंबर काढायला आलेला माणूस डोळे मिटून, चेहरा सैल सोडून बसला होता.

"अहो, डोळे उघडा! काय चाललंय?"

"माफ करा." तो सावरून बसला. "सवय झालीय. तुमच्याकडे एक बाई असतात ना? तपासणाऱ्या. आहेत का आज?"

काकांनी दिवा लावला. खोलीतला मोठा दिवा, जो गिऱ्हाईक आत असताना ते कधी लावत नसत.

"कोण बाई?"

"त्यांचा चेहरा दिसत नाही व्हिडिओत. पण त्यांच्या पुढ्यात काचांची पेटी असते, तिच्यावर तुमच्या दुकानाचं नाव वाचलं मी. या गावात काम निघालं, म्हटलं बघावं तरी." तो ओशाळून बोलत होता. "मी रोज झोपताना ऐकतो त्यांना."

"उठा."

"तुमचा गैरसमज होतोय–"

"उठा म्हणतो ना! नंबर नाही, काही नाही. चला बाहेर." काकांनी त्याच्या नाकावरची चौकट इतक्या जोरात ओढली की कानामागे ओरखडा उठला.

माणूस बॅग उचलून दारापर्यंत गेला. तिथे वळला. "मला वर्षभर झोप नव्हती, साहेब. तुमच्या घरचं कोणी असेल तर सांगा त्यांना, एवढंच. आणि तुमचाही आवाज लगेच ओळखला मी."

"माझा?"

पण तो गेला होता.

काकांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि या वेळी चपला न काढता, धाडधाड जिना चढून गेले. करकरणारी पायरी करकरली. दार वाजवलं नाही, नुसता धक्का दिला. कडी सैलच होती.

खोलीच्या मधोमध दांडीवर ते दोन कान उभे होते. त्यांच्यासमोर खारू स्टुलावर बसली होती. अंगात काकांचा जुना पांढरा कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मांडीवर काचांची जुनी पेटी. हातात एक भिंग, आणि ते ती एका रबरी कानाजवळ धरून नखाने हलकेच वाजवत होती.

"बाबा! दार!"

"काय आहे हे?"

"गेलं सगळं रेकॉर्डिंग! त्या कानांत माइक आहेत! आता पुन्हा–"

"खारू, काय आहे हे?"

तिने बापाचा चेहरा बघितला. मग हात लांब करून कॅमेरा बंद केला, स्टूल रिकामं करून दिलं आणि त्यांच्या कानांना हेडफोन लावला.

फोनवर त्यांना एक पांढरा कोट दिसला, हनुवटीपर्यंत. दोन हात. उजव्या कानात कोणीतरी कुजबुजलं, इतक्या जवळून की त्यांनी मान वळवली. हनुवटी इथे टेका. थोडं पुढे सरका. मी तुमच्या अगदी जवळ येणार आहे, घाबरू नका. आता हे बरं दिसतं, की हे? काचा पेटीतून निघताना होणारा खुळखुळाट. फ्रेमची काडी उघडताना होणारी टिचकी.

चाळीस वर्षं ते हीच वाक्यं म्हणत आले होते. आणि दाराआडून ऐकताना त्यांतलं एकही त्यांना ओळखू आलं नव्हतं.

"याचं काय करतात लोक?"

"झोपतात."

"एवढंच?"

"एवढंच. ज्यांना झोप येत नाही ते ऐकतात. कोणीतरी आपल्याकडे नीट लक्ष देतंय असं वाटतं म्हणे. मला सुचेना काय करावं, तर मी तुमचं केलं. लहानपणी मी त्या खोलीतल्या कोपऱ्यात बसून झोपून जायचे, आठवतं?"

काका हसायला लागले. हसता हसता त्यांना स्टुलावर धड बसवेना. सलूनवाल्याचा वस्तरा, ताईंचा दीर्घ श्वास, कापलेली नखं, सगळं एकदम आठवून ते डोळे पुसत राहिले. खारूलाही हसू फुटलं. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

"काही नाही. मला काय वाटणार?" आणि मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं. "तो माणूस म्हणाला, माझाही आवाज ओळखला."

खारू पेटीतल्या काचा नीट लावायला लागली.

"माझा आवाज कुठून आला यात?"

"एकच आहे तसला."

"कसला?"

तिने बराच वेळ एक काच फडक्याने पुसली. दडवलेली पिन सापडली की लहानपणी जसा चेहरा करायची तसाच चेहरा केला. "खालच्या खोलीत. अक्षरांच्या तक्त्यामागे मी छोटा माइक लावला होता. थोडेच दिवस. मला तुमची लय पकडायची होती, कुठे थांबता, कसं विचारता. वापरायचा म्हणून नव्हता लावला."

"लाव."

"बाबा, तो काढते मी."

"आधी लाव."

आवाज त्यांचाच होता. आणि एका बाईचा, थोडा घोगरा करून बदललेला. पण मधेच ती खाकरली आणि "शिव शिव" म्हणाली, तशी काकांना ती कळली. पंधरा वर्षं ऐकत होते ते तिचं खाकरणं. प्रूफवाल्या बाई.

त्या अंधारात माणसं बोलतात. हे काकांना पहिल्यापासून ठाऊक होतं. समोरचा दिसत नसतो, हनुवटी टेकलेली असते, आणि कोणीतरी हळू आवाजात आपल्याला काय दिसतंय ते विचारत असतं. त्या दिवशी प्रूफवाल्या बाईंनी सांगितलं होतं, की त्यांना आता ओळीचा शेवट दिसत नाही. नंबर वाढवून उपयोग नाही हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय. छापखान्यात कोणाला माहीत नाही. प्रूफं त्या घरी नेतात, भाची मोठ्याने वाचते, त्या कानाने चुका पकडतात आणि खाली सही करतात. हे बाहेर कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागेल.

आणि बाईंना धीर द्यावा म्हणून काका बोलले होते. जे त्यांनी ताईंना सांगितलं नव्हतं, खारूलाही नाही. बायकोचा चष्मा त्यांनी ठेवलाय. मोठ्या नंबरचा आहे. कधीकधी जेवायला एकटे असले की ते तो डोळ्याला लावतात. "सगळं धूसर होतं बघा. मग समोरच्या खुर्चीत कोणी आहे की नाही ते कळत नाही. मला तेवढंच हवं असतं."

व्हिडिओखाली तो किती जणांनी ऐकला त्याचा आकडा होता. काकांना आधी वाटलं आपण शून्यं चुकीची वाचतोय. खारूच्या बाकी कुठल्याही व्हिडिओला इतकी माणसं आली नव्हती.

"त्यांना विचारलंस?"

"आवाज बदललाय त्यांचा. नाव नाही, काही नाही."

"विचारलंस का?"

"नाही."

"मला?"

खारूने वर बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज भांडणाचा होता. "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात? मला आईचं हे तक्त्यामागच्या माइकमधून कळलं, बाबा. मी याच घरात होते. त्याच टेबलावर जेवत होते. तुम्ही एका गिऱ्हाइकाला सांगितलंत."

त्यांनी हेडफोन काढून कानांच्या दांडीवर टांगला.

"म्हणून जगाला सांगितलंस?"

तिने फोन उचलला आणि त्यांच्यासमोर तो व्हिडिओ काढून टाकला. मग, विचारायच्या आधीच, हळूच म्हणाली, "लोकांनी उतरवून घेतला असेल. तो माझ्या हातात नाही."

काका खाली आले आणि अंधाऱ्या खोलीत तक्त्याच्या मागे हात फिरवला. तिथे चिकटपट्टीचा चिकट डाग होता. बोटं धुतली तरी चिकटपणा जाईना.

दुसऱ्या दिवशी ते दोघं प्रूफवाल्या बाईंच्या घरी गेले. दार भाचीने उघडलं. बाई खिडकीशी बसल्या होत्या, आणि काकांना बघून त्यांनी बसा म्हटलं नाही.

"चष्मा द्यायला आलात?"

"नाही. म्हणजे तोही आणलाय. पण दुसरं सांगायचंय."

त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही. बाई ऐकत होत्या, डोकं जरासं तिरकं करून, कारण समोरचं माणूस आता त्यांना तसंच दिसत होतं.

"महिनाभर झाला," त्या शेवटी म्हणाल्या. "अक्षर जुळवणारा मुलगा येताजाता विचारतो, बाई, डोळे बरे आहेत ना? बाई, भाची बरी आहे ना? आणि हसतो. मला वाटलं तुम्ही बोललात. मी तुम्हाला सोडून हे कोणाला सांगितलंच नव्हतं. रोज रात्री अंथरुणावर पडून तुम्हाला शिव्या घातल्या मी."

"मी–"

"तुम्ही नव्हतात, कळलं मला." त्यांनी मान खारूकडे वळवली. "काय म्हणतेस तू याला?"

"कंटेंट," खारू पुटपुटली.

"आम्ही मजकूर म्हणतो. आणि तो कोणाचा तरी असतो. मी त्या माणसाला विचारल्याशिवाय आजवर स्वल्पविराम हलवलेला नाही."

"माझं चुकलं, मावशी."

"चुकलंच. मावशी म्हणू नकोस." बाई उठल्या. "उद्या मालकांना मीच सांगते, त्या पोराने सांगण्याआधी. चष्मा ठेवून जा. पुन्हा नंबर काढायला मी तुमच्याकडे येणार नाही, राग मानू नका. त्या खोलीत आता माझ्याच्याने तोंड उघडवणार नाही."

राग कसला मानणार होते काका.

पुढे काय झालं ते भाचीकडून कळलं. मालकांनी बाईंना काढलं नाही, पण प्रूफं काढून घेतली. लेखकांच्या फोनला उत्तरं द्यायचं काम दिलं, अर्ध्या दिवसाचं. प्रूफांखाली सहीला आता दुसऱ्याचं नाव असतं. ते ऐकून खारू दोन दिवस वरच्या खोलीत गेलीच नाही. कान खोक्यात गेले, खिडकीवरचा फोम निघाला. मग काही आठवड्यांनी, दुकानाबाहेर फुलांच्या कुंड्या ठेवणाऱ्या एका म्हाताऱ्या बांगडीवाल्याला तिने समोर बसवून विचारलं, तुमच्या बांगड्यांचा आवाज घेऊ का, आणि कुठे लावणार, कोण ऐकणार, नको वाटलं तर कसा काढणार, ते सगळं सांगितलं. त्याने नाही म्हटलं. ती बरं म्हणून परत आली आणि हे तिने जेवताना स्वतःहून काकांना सांगितलं.

काकांचं मात्र बिनसलं ते बिनसलं. रोज सकाळी दुकान उघडलं की ते तक्त्यामागे, टेबलाखाली, पडद्याच्या दुमडीत हात फिरवून बघत. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं की त्याचा फोन बाहेर काउंटरवर ठेवायला लावत. लोक विचारत, इथे काय चोरी होते का? आणि नंबर काढताना आता नुसतं पहिलं की दुसरं, एवढंच. एक जुनी गिऱ्हाईकबाई बाहेर आल्यावर खारूला म्हणाली, "तुझ्या बाबांना बरं नाही का गं? आत गेलं की चार शब्द बोलायचे, बरं वाटायचं."

त्या दिवशी दुपारी दुकान बंद करून काका मागे आले, तर अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत खारू बसली होती.

"नंबर काढा माझा."

"डोकं दुखतं?"

"दुखतं. पडद्याकडे बघून बघून."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग हात पुढे केला. "फोन."

तिने फोन दिला. काकांनी तो बाहेर नेऊन ठेवला, परत आले, तरी उभेच राहिले. खारूने काही न बोलता कुर्त्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एका खिशातून एक गोळीचा कागद पडला.

काकांनी दिवा मालवला आणि तक्त्याचा लावला. तिच्या नाकावर चौकट चढवली. "हनुवटी टेक. पहिलं बरं, की दुसरं?"

"दुसरं."

"आता?"

"आताही दुसरं. बाबा, आई चष्म्याशिवाय कशी दिसायची? मला आठवतच नाही."

काच बदलता बदलता त्यांचा हात थांबला. त्यांना खोलीचे चारही कोपरे एकदा बघावेसे वाटले, आणि अंधारात त्यांतला एकही दिसत नव्हता.

"वर काही चालू नाही ना?"

"नाही, बाबा."

ते खरं होतं की नाही, याची खात्री करून घ्यायला ते वर जाऊ शकले असते. जिना दोन हातांवर होता. त्यांनी दुसरी काच घातली आणि म्हणाले, "चष्मा काढला की ती आधी हसायची. समोर कोण आहे ते कळायचं नाही ना तिला, मग कोणी का असेना, हसून ठेवायची. आमचं लग्न ठरलं तेव्हाही तिने तसंच केलं. मी मात्र समजलो, माझ्याकडेच बघून हसली."

खारूने हनुवटी तशीच टेकून ठेवली, आणि काका बोलत राहिले.